ओट्यासाठी एक खणखणीत उकुलेले

माझा आवाज मोठा आहे, हे जळगावात कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांना माहीत नाही ते एक तर पाळण्यात आहेत नाहीतर परगावी. उभी हयात कंडक्टरकी केली. मी स्टँडवर उभा राहून ‘चला, एरंडोल, पारोळा, धुळे’ अशी हाक दिली की धुळ्याच्या स्टँडवरची माणसं आपली गाडी आली समजून पिशव्या उचलायची. खोटं वाटत असेल तर धुळ्यात विचारा.

निवृत्त झालो आणि हा आवाज पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांत मावेना. मी पाणी मागितलं की शेजारचा माणूस तांब्या घेऊन दारात. शेवटी बायकोने माळ्यावरून एक खोकं काढलं. आमची पुतणी लग्न होऊन गेली तेव्हा मागे टाकून गेलेलं चार तारांचं वाद्य त्यात होतं, उकुलेले. त्यातलंही सगळ्यात धाकटं, ज्याला सोप्रानो म्हणतात ते, आमच्या पोळपाटापेक्षा थोडं लांब. बायको म्हणाली, “हे घ्या आणि संध्याकाळी बाहेर जात जा.” मी मोबाईलवर बघून बघून शिकलो. चार तारा म्हणजे काय, मी सबंध बस सांभाळलेला माणूस.

बाजारपेठेतल्या एका चौकात साड्यांचं दुकान आहे. तिथले शेठ जैन. राजस्थानातून त्यांचे आजोबा आले, तेव्हापासूनचं दुकान. शेठ चौविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. घरी जाऊन उजेडात जेवायचं म्हणून ते दुकान लवकर बंद करतात आणि दुकानासमोरचा दगडी ओटा रिकामा होतो. त्या ओट्यावर मी संध्याकाळी बसू लागलो. एक चाल वाजवायची, एक किस्सा सांगायचा. पुन्हा चाल, पुन्हा किस्सा. पारोळ्याच्या घाटात माझ्या बसला वाटेत आडवी आलेली आणि तिकीट काढूनच पुढे गेलेली म्हैस तर लोक पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे. (पारोळ्याला घाट नाही, हे आजवर एकानेही काढलं नाही.) भाजी घेऊन घरी निघालेली माणसं थांबायची, पिशवी पायाशी ठेवायची आणि बसायची. दिवसभर घरात मी कॅलेंडरसारखा भिंतीला असायचो. त्या ओट्यावर मात्र माणूस असायचो. दुपारी चहा झाला की माझं लक्ष घड्याळाकडे.

हे सगळं मे महिन्यात उलटलं.

मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण शेठकडे आला. त्यालाही संध्याकाळी ओटा हवा होता. घडीचं टेबल, लटकवायची जाळी, सगळी तयारी होती त्याची. शेठ न्यायाचे माणूस. त्यांनी मला दुकानात बोलावलं, गादीवर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “नाना, तुम्ही वाजवता की बोलता?”

मी म्हणालो, दोन्ही. शेठ म्हणाले, बोलणं त्यांना त्यांच्या घरीही ऐकू येतं, खिडक्या बंद करून. वाजवणं मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी हा ओटा कलाकाराला दिलेला होता. एक सारंगीवाला बसायचा, एक बहुरूपी बसायचा. गप्पा मारायला म्हणून कुणाला दिलेला नव्हता, आणि गप्पाच असतील तर कव्हरवाला बरा, निदान त्याचं पोट त्यावर आहे.

मग त्यांनी अट घातली. चौकाच्या पलीकडे रसवंती आहे. रविवारी शेठ लवकर जेवून येतील, पलीकडे रसवंतीवर उभे राहतील आणि दिवस मावळायच्या आत एक ग्लास रस घेतील, त्यांचा त्या दिवसाचा शेवटचा घोट. तो ग्लास संपेपर्यंत माझ्या वाद्याचा आवाज त्यांच्या कानावर आला तर ओटा माझा. नाही आला तर कव्हरवाल्याचा.

“तोंड मिटलेलं पाहिजे,” शेठ म्हणाले. “आणि ते आवाज वाढवायचं बॅटरीचं डबडं लावायचं नाही. तुमचं जे काय आहे ना, उकललेलं, ते नुसतं.”

शेठ त्याला पहिल्यापासून उकललेलंच म्हणायचे. त्यांच्या धंद्यात उकललेली शिवण परत येते, त्यामुळे तो शब्द त्यांच्या तोंडात बसलेला. मी आधी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं.

आता ही रसवंती म्हणजे काय, ते जळगावबाहेरच्यांसाठी सांगतो. उसाच्या चरकाच्या चाकाला घुंगरं बांधलेली असतात. गिऱ्हाईक आलं की चाक फिरतं आणि घुंगरं वाजतात. या रसवंतीवाल्याने इतकी घुंगरं बांधली होती की खान्देशातल्या सगळ्या बैलांच्या गळ्यात मिळून तेवढी निघणार नाहीत. त्यातून मे महिना, चाक थांबतं कधी? त्या संध्याकाळी मी पुतणीचं उकुलेले बायकोच्या हातात दिलं, रसवंतीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिला ओट्यावरून तारा छेडायला सांगितलं. तिचा हात हलताना दिसत होता. ऐकू येत होती फक्त घुंगरं. मूक सिनेमा बघावा तशी मी माझी बायको बघितली, लग्नानंतर पहिल्यांदाच. मजा यायला हवी होती. पण रविवारी तिच्या जागी मी असणार होतो.

जळगावच्या दुकानांत पोपटी आणि गुलाबी रंगाची, वाढदिवसाला द्यायची उकुलेली होती, वाजवली तर रंगाचाच आवाज येईल अशी. म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने मी धुळे गाठलं. तिकडे लग्नाच्या बँडचं सामान विकणारं एक दुकान होतं. ढोल, ताशे, झांजा, माणूस आत बसेल एवढे भोंगे. आणि काचेच्या कपाटात दोन सोप्रानो. त्या दोघांपैकी एकाने माझा ओटा वाचवायचा होता.

एक तपकिरी, प्लायवूडचं. दुसऱ्याची पुढची बाजू एकाच लाकडाच्या पातळ फळीची, पांढरट, देवदारासारखी. दुकानदाराने दोन्ही वाजवून दाखवली आणि दोन्ही सारखीच खणखणीत वाटली. पण चार भिंतींत उंदीर खोकला तरी खणखणीत वाटतं. मी दुकानदाराला म्हणालो, तुम्ही दारात उभे राहून वाजवा, मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. त्याला हे पसंत नव्हतं. बाहेर ऊन, धूळ, आणि आजवर असं मागितलेलं एकही गिऱ्हाईक नाही. पण मी कंडक्टरच्या आवाजात एकदाच ‘चला’ म्हणालो आणि त्याचे पाय आपोआप दाराकडे निघाले.

मी पलीकडे उभा. मधून ट्रक, रिक्षा, उसाच्या मोळ्या घेतलेली हातगाडी. दुकानदार दारात ते इवलंसं वाद्य छातीशी धरून वाजवत होता, चोरीचं मूल सांभाळावं तसा चेहरा करून. तपकिरी ऐकू आलं ते रिक्षांच्या मधल्या फटींत. पांढरं आलं ते रिक्षांच्या वरून. बारीक, टोकदार, कानात सुई घातल्यासारखं. सोप्रानोचा हाच गुण. ते मोठं नसतं, ते धारेचं असतं.

मी परत आलो आणि शेवटची खात्री म्हणून दोन्ही वाद्यं कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकून बघितली. आम्ही बाजारात मडकं असंच घेतो. बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं, टण्ण वाजलं तर घ्यायचं. तपकिरी बद्द वाजलं. पांढरं असं टण्ण वाजलं की दुकानातल्या झांजा जाग्यावर थरथरल्या. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

तो भला माणूस होता. त्याने बजावून सांगितलं की नाना, मोठं वाजतं ते हेच, पण नाजूकही हेच. एकाच फळीचं लाकूड आहे, डिंकावर उभं आहे, आपल्याकडच्या हवेत जपावं लागतं. तपकिरी उन्हात टाकून दिलंत तरी काही होणार नाही, पण तुम्ही सांगताय त्या घुंगरांच्या पलीकडे ते जाणार नाही. मी थोडा वेळ दोघांकडे बघत बसलो. टिकणारं घ्यावं तर ओटा जातो. वाजणारं घ्यावं तर ते उद्यापर्यंत टिकलं पाहिजे. उद्यापर्यंतच तर प्रश्न होता. मी पांढरं घेतलं आणि पुतणीचं त्याला देऊन टाकलं. आता मागे फिरायला काही शिल्लक नव्हतं.

परतीची गाडी दुपारची. त्या दिवशीचं ऊन सांगू का? धुळ्याच्या बाहेर पडताना रस्त्याकडेच्या एका कावळ्याने बसचा दांडा पकडला आणि सावलीसाठी पारोळ्यापर्यंत आमच्याबरोबर आला. बसच्या खिडकीचा पत्रा हाताला लावून घ्यायचा नाही, एवढा तापलेला. आणि मांडीवर ते वाद्य. दुकानदाराचे शब्द कानात: हवेत जपा. मी लाकडावर हात ठेवला तर ते माणसाला ताप यावा तसं लागलं.

मग मी ते केलं जे आमच्याकडे कुणीही केलं असतं. उन्हाळ्यात मडक्याला काय करतो आपण? ओलं फडकं गुंडाळतो. मी गळ्यातला रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला आणि उकुलेलेला चारी बाजूंनी गुंडाळला. गार वाटायला लागलं. जीव भांड्यात पडला. वाळलं की पुन्हा भिजवायचं. पारोळ्याला नळावर, एरंडोलला टपरीवर, पाणी मागून मागून मी त्याला न्हाऊ घातलं. शेजारी एक म्हातारी बसली होती, शिरपूरकडची. ती बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “दहीनं भांडं शे का, भाऊ?” मी हो म्हणालो. वाद्य आहे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्याले ताप येल शे का, आणि उत्तर द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

घरी आलो, पंख्याखाली बसलो आणि रुमाल सोडला. मागची फळी कडेपासून सुटलेली. एका बाजूची सगळी सांध उघडी, तिच्यातून बसचं तिकीट सरळ आत गेलं. मी घालून बघितलं, जुनी सवय. तार छेडली तर टण्ण नाही. झर्र. पत्र्याच्या डब्यात अडकलेली मधमाशी.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “शेठ म्हणतात तेच आणलंत की.”

मी काही बोललो नाही. मी बोललो नाही, हे तिने शेजारी जाऊन सांगितलं, आणि दोन बायका मला बघून गेल्या.

पण तिनेच पुढचं हातात घेतलं. माझ्यासाठी नाही, संध्याकाळी मी पुन्हा घरात बसलो तर काय होईल, हे तिला माझ्याहून स्पष्ट दिसत होतं. तिने पांढरा गोंद आणला, काडेपेटीतल्या काडीने सांधीत भरला, कडेने कपड्यांचे चिमटे लावले, वर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर लोणच्याची बरणी. रविवारी दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. मी बरणीभोवती फेऱ्या मारत राहिलो. दुपारी चिमटे काढले. सगळी सांध बसली होती, एक बोटभर सोडून. तिथे लाकूडच फुगलं होतं, ते काही बसेना. तार छेडली. आवाज मोठा होता. पण त्याच्या शेपटीला ते झर्र होतंच.

रविवारी ऊन कललं तसा मी ओट्यावर जाऊन बसलो. चौकात बातमी गेलेली. भाजीवाल्या पाठ फिरवून बसायच्या त्या तोंड करून बसल्या. कव्हरवाला पायऱ्यांपाशी उभा, घडीचं टेबल काखेत, उघडायला तयार. तो वाईट माणूस नव्हता, मला नमस्कारही केला त्याने. वाईट असता तर राग तरी आला असता.

शेठ पांढऱ्या कपड्यांत आले. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, चौक ओलांडला आणि रस मागितला. बर्फ नको, आलं नको. चरक फिरला. घुंगरं सुरू झाली. ती एकदा सुरू झाली ती थांबेचनात, कारण गंमत बघायला आलेल्या प्रत्येकालाच तहान लागली होती.

शेठनी ग्लास वर केला. मी वाजवायला लागलो.

लग्नातले बँडवाले नवरदेव पारावरून निघाला की धरतात ती चाल मी निवडली होती, कारण ती झोपलेल्या माणसालाही कळते. मी तारांवर बोट नाही, नख मारत होतो. पलीकडे शेठ दिसत होते आणि त्यांचा चेहरा सपाट होता. पहिला घोट गेला. मी आणखी जोरात मारलं. दुसरा घोट. तोंड मिटून बसणं काय असतं ते मला त्या वेळी कळलं. घशात सगळे किस्से दाटले होते, म्हैस, घाट, सगळे. एक हाक मारली असती तर अख्खा चौक वळला असता. मी दात दातांवर दाबले. ग्लास निम्म्यावर आला.

आणि शेठचा हात थांबला.

त्यांनी मान तिरकी केली. मग रसवंतीवाल्याकडे वळले. ते काय म्हणाले हे मला तिथून ऐकू येत नव्हतं, नंतर चौघांनी चार प्रकारे सांगितलं. गाभा असा, की शेठना काहीतरी झर्र झर्र ऐकू येत होतं. ते वाद्याचं आहे की चरकाचं, एवढंच ठरत नव्हतं. शेठनी विचारलं, तुझ्या मशीनचं बेअरिंग गेलंय का?

रसवंतीवाला शिरपूरकडचा, चरकावर पोटच्या पोरासारखा जीव. तो असा चिडला की त्याचं मात्र मला घुंगरांतूनही ऐकू आलं. “मन्हं मशीन असं नही वाजस, शेठ.” आणि ते सिद्ध करायला त्याने चाकच बंद केलं.

चौक एकदम मोकळा झाला. त्या शांततेत माझी चाल, शेपटीच्या झर्रसकट, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. कुणीतरी टाळी वाजवली. पण शेठनी हात वर केला. मशीन बंद असताना ऐकलं ते धरायचं नाही, चालू कर. रसवंतीवाला म्हणाला, आधी म्हणा की बेअरिंग चांगलं आहे. शेठ म्हणाले, ऐकल्याशिवाय कसं म्हणू? मागे उभे असलेले ओरडायला लागले की आमचे ग्लास कुठे आहेत. चाक सुरू झालं. शेठनी पुन्हा मान तिरकी केली, पुन्हा ग्लास ओठांपाशी नेला, पुन्हा खाली घेतला. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं की त्यांना काय ऐकू येतंय. माझी बोटं लाल झाली होती. मी चाल संपवली आणि न थांबता पुन्हा पहिल्यापासून धरली.

शेठ न्यायाचे माणूस, हे मी सांगितलंच. दुसरा कुणी असता तर ‘आलं’ किंवा ‘नाही आलं’ म्हणून ग्लास रिकामा करून घरी गेला असता. शेठ खात्री झाल्याशिवाय घोट घेईनात. पदर तपासावा तसा तो आवाज ते तपासत होते, या कानाने, त्या कानाने. कव्हरवाल्याने टेबल काखेतून काढून जमिनीवर टेकवलं.

मग शेठनी खिशातून मोबाईल काढला. त्यात त्यांना सूर्यास्ताची वेळ दिसते. त्यांनी मोबाईल बघितला, दुकानांच्या वर आभाळ बघितलं आणि हातातला ग्लास बघितला. त्यात चार बोटं रस होता. त्यांनी तो ग्लास रसवंतीच्या फळीवर ठेवला आणि चौक ओलांडून आले. मी वाजवणं थांबवलं नाही. थांबवायची हिंमत नव्हती.

कव्हरवाला म्हणाला, “मग शेठ, काय ठरलं?”

मी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान आवाज बाहेर आला. “शेठ, ग्लास संपल्यावर ठरायचं होतं.”

“हो.”

“संपला नाही.”

शेठनी वळून फळीवरच्या ग्लासाकडे बघितलं. दिवस मावळला होता, आता तो त्यांच्याने संपणार नव्हता, कुणी हजार वेळा म्हटलं तरी. मग कव्हरवाल्याला म्हणाले की दुकानाच्या बाजूची बोळाच्या तोंडची पायरी रिकामी असते, अरुंद आहे पण उजेड चांगला आहे, तिथे लाव. ओट्याचं अजून ठरायचं आहे. कव्हरवाला पायरीकडे बघून आला आणि टेबल उघडायला लागला.

मला वाटलं, सुटलो. मी वाद्य मांडीवर आडवं ठेवलं, लोकांकडे वळलो, घसा खाकरला आणि म्हणालो, “तर मंडळी, धुळ्याहून येताना एका कावळ्याने आमच्या बसचा दांडा...”

“नाना,” शेठ म्हणाले. ते घरी गेले नव्हते. दुकानाच्या बंद शटरला पाठ लावून ते ओट्याच्या कडेला बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. “अजून ठरायचं आहे म्हटलं ना मी. वाजवा.”

मी वाजवायला घेतलं. समोर घुंगरं चालू होती, तारेच्या मागे झर्र चालू होतं, आणि शेठ डोळे मिटून दोन्ही वेगळं करायचा प्रयत्न करत होते. किस्सा अर्धाच राहिला. तरी लोक उठले नाहीत.